लाकडाला घाम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय घामाचा आहे. तेराव्यात स्नेह, चौदाव्यात स्वेद, आणि तिथून पुढे वमन-विरेचनाची तयारी, असा तो क्रम. घाम काढल्यानं आखडलेलं अंग मोकळं होतं, हे ग्रंथकाराला पटवून द्यायचं आहे. त्यासाठी तो दाखला आणतो सुतारकामाचा. तेल आणि ऊब दिली तर वाळलेलं लाकूडसुद्धा रीतसर वाकवता येतं. मग जिवंत माणसाचं अंग का वाकू नये, असं तो विचारतो.

दाखला द्यायचा तर तो ऐकणाऱ्याच्या रोजच्या बघण्यातला हवा. म्हणजे त्या काळी ऊब देऊन लाकूड वाकवणं ही चारचौघांना ठाऊक असलेली गोष्ट होती. ती चरकाहूनही बरीच जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक ऋषी म्हणतो की सुतार चांगल्या लाकडाची धाव जशी वाकवतो तसा मी इंद्राला स्तुतीनं वाकवतो. (देवाला वाकवायची ही भाषा आपल्या आजच्या भक्तीत बसत नाही, पण ऋषींना तिचं काही वाटत नसे.) पाली मज्झिमनिकायात बाण करणारा कारागीर येतो. तो बाणाची काडी दोन पेटत्या कोलितांच्या मध्ये धरून तापवतो आणि सरळ करतो. इकडे वाकवणं, तिकडे सरळ करणं, युक्ती एकच.

त्यामागचं कारण आता आपल्याला माहीत आहे. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य ओल्या उष्णतेत, शंभर अंशांच्या आसपास, मऊ पडतं. मऊ असेतो तंतू एकमेकांवरून सरकतात. थंड झालं की आहे त्या आकारात पुन्हा घट्ट बसतात. वाफवलेलं लाकूड आतल्या बाजूला पुष्कळ दाबलं जाऊ शकतं, बाहेरच्या बाजूला मात्र शेकडा दोनच्या पुढे ताणलं की चिरतं. युरोपात मायकेल थोनेट यानं याच गुणावर कारखाना उभा केला. बीच लाकडाच्या दांड्या वाफवायच्या, बाहेरून पोलादी पट्टी बांधायची म्हणजे ताण पट्टी सोसते, आणि लोखंडी साच्यात वाकवायच्या. १८५९ सालची त्याची १४ क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ज्या गोल पाठीच्या काळपट खुर्च्यांवर आपण ब्रून-मस्का खाल्ला, त्या त्याच घराण्यातल्या.

हे सगळं मी वाचत बसलो ते दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला मामेभाऊ. वय एकसष्ट, मंगळवार पेठेत घर, तरुणपणी चांगला पैलवान, आता दोन्ही गुडघे गेलेले. मुलीकडे परदेशात जाऊन आला तो सौनाचं वेड घेऊन. परसात गोल सौना बांधायचा, आणि आत भिंतीलगत गोल फिरणारं लाकडी बाकडं. "कोपरा नको बघ आत. कोपऱ्यात बसलं की शिक्षा दिल्यासारखं वाटतंय," एवढं एकच कारण त्यानं दिलं. आकडेमोड आणि वाचन माझ्याकडे आलं, कारण घरात पुस्तकं माझ्याकडे. आणि एक गोष्ट कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं: दादाला बारा वर्षं मधुमेह आहे.

गोल खोली, भिंतीलगत बाकडं, मध्ये भट्टी. असा आराखडा शोधायला फिनलंडला जावं लागत नाही. स्वेदाच्या त्याच अध्यायात अग्नीनं घाम काढायचे तेरा प्रकार आहेत. त्यातले बरेच आपल्या ओळखीचे: पुरचुंडीनं शेकणं, नळीतून वाफ देणं, काढ्याच्या टबात बसवणं. तेरापैकी एकाचं नाव जेंताक, आणि त्याच्यापाशी ग्रंथकार एकदम वास्तुकार होतो. गावाच्या पूर्वेला किंवा उत्तरेला चांगली जमीन बघा, काळी किंवा सोनेरी मातीची. तळ्याच्या दक्षिण किंवा पश्चिम काठाला, पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतर सोडून, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून घर बांधा. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचं माप, दीड फुटाच्या आतबाहेर. घर नीट गोल हवं, उंची आणि रुंदी जास्तीत जास्त सोळा अरत्नी, मातीनं छान लिंपलेलं, पुष्कळ झरोके असलेलं. आत भिंतीला धरून एक अरत्नी रुंद आणि तेवढाच उंच कट्टा, थेट दारापर्यंत. त्याला शब्द वापरलाय पिंडिका. मधोमध माणसाच्या उंचीचा मातीचा खांब, भट्टीच्या आकाराचा, बारीक बारीक भोकं पाडलेला, वर झाकण. त्यात खैराची किंवा तसली लाकडं भरून पेटवायची.

पुढचं वाचताना मला फिनलंडच्या धूरसौनाची आठवण झाली. तिथं धुराडं नसलेल्या खोलीत तासन् तास दगड तापवतात, लाकडं जळून धूर बाहेर गेला की मगच माणसं आत जातात. चरकही तेच सांगतो: लाकडं नीट जळू द्या, धूर जाऊ द्या, घर तापू द्या, मग तेल चोळलेल्या माणसाला अंगावर वस्त्र घेऊन आत पाठवा. त्यानं कट्ट्यावर चढावं आणि या कुशीवरून त्या कुशीवर सुखानं पडावं.

रोमनांचंही असंच. व्हिट्रुव्हियस हा इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला वास्तुकार. आपल्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात स्नानगृहांविषयी लिहिताना तो कोरड्या घामाची खोली गोल करायला सांगतो, म्हणजे मध्यातून ऊब सगळीकडे सारखी फिरेल. तिथंही घुमटाच्या बुडापर्यंतची उंची रुंदीइतकी. घुमटाच्या भोकाखाली साखळ्यांनी टांगलेली ब्राँझची तबकडी, ती वरखाली करून ऊब कमी-जास्त करायची. दोन ग्रंथ, दोन टोकं, आणि मापाचा नियम जवळजवळ एकच. यावरून कोणी कोणाचं उचललं असं म्हणायचा मोह होतो, विशेषतः कोल्हापुरात. इथल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची ब्राँझ मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात उभी आहे आणि रोमशी चालणाऱ्या व्यापाराची साक्ष देते. पण मूर्ती जहाजातून येते तशी खोलीची मापं येतातच असं नाही. आग मध्ये ठेवली की माणसं तिच्याभोवती गोल बसतात. त्याला कोणाचं पुस्तक लागत नाही.

शिवाय इथं जवळचा नातेवाईक आहेच. बौद्ध भिक्खूंच्या विनयग्रंथात जंताघर येतं. वैशालीत उत्तम जेवण मिळून भिक्खू अंगानं सुटले होते, ते पाहून जीवक वैद्यानं बुद्धांना दोन गोष्टी सुचवल्या: फेऱ्या मारायला चंक्रमणाची जागा आणि घामाची खोली. पुढचा मजकूर घर बांधून पाहिलेल्या कोणालाही आपलासा वाटेल, कारण प्रत्येक नियमाआधी एक तक्रार आहे. पाणी शिरतं, तर जोतं उंच करा. चढताना माणसं पडतात, तर कठडा लावा. धूर कोंडतो, तर धूर जायला वाट करा. लहान खोलीत मध्ये चूल ठेवली की वावरायला जागा उरत नाही, तर ती कडेला घ्या. मोठ्या खोलीत मध्ये ठेवा. तोंड भाजतं, तर तोंडाला माती लावा. मातीला वास येतो, तर ती सुगंधी करा. खाली चिखल होतो, तर फरशी घाला आणि मोरी काढा. जमिनीवर बसून अंगाला खाज सुटते, तर बसायला पीठ घ्या. बाकड्याचा जन्म असा खाजेतून झालेला आहे.

चरकाच्या बाकड्याचं कारण वेगळं आहे, आणि ते वाचल्यावर मी दादाला फोन केला.

आत जाणाऱ्याला वैद्यानं काय बजावायचं, ते ग्रंथकारानं सविस्तर दिलंय. घामानं घेरी आली तरी श्वास चालू आहे तोवर हा कट्टा सोडायचा नाही. कट्ट्यावरून ढळलास तर घेरीच्या भरात दार सापडणार नाही आणि तिथंच जीव जाईल. अंग हलकं झालं, घाम आणि चिकटा वाहून गेला, ताठरपणा गेला, असं वाटलं की कट्ट्याच्याच आधारानं सरकत दाराशी यायचं आणि बाहेर पडायचं. बाहेर आल्यावर डोळ्यांची काळजी म्हणून लगेच गार पाण्याला शिवायचं नाही. मुहूर्तभर थांबून, शीण गेल्यावर, कोमट पाणी. तळ्याच्या काठी घर बांधायला लावून तळ्यात उडी मारू न देणारा हा वैद्य फिनिश लोकांना कंजूष वाटेल.

म्हणजे कट्टा दारापर्यंत न्यायचा तो बसायची जागा वाढावी म्हणून नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या हाताला ती वाट आहे. चौकोनी खोलीत कोपरा आला की हात अडतो, दिशा चुकते. गोल भिंतीला धरून कुठूनही कुठल्याही बाजूनं सरकत राहिलं की दार येतंच. गोल आकाराचं हे कारण ग्रंथात लिहिलेलं नाही, हा माझा अंदाज. पण बाकीचं सगळं लिहिलेलं आहे.

त्याच अध्यायात कोणाला घाम काढू नये याची यादीही आहे. रोज मद्य घेणारा, गरोदर बाई, रक्तपित्ताचा रोगी, अतिसार झालेला, थकलेला, तहानलेला, भुकेला, रागावलेला, शोकात असलेला, दुबळा. मधुमेही त्यात आहे, स्पष्ट शब्दात. ज्याला घाम काढायचा त्याचंही हृदय, डोळे आणि वृषण जपायचे. डोळ्यांवर स्वच्छ कपडा किंवा कमळाच्या पाकळ्या ठेवायच्या. छातीला गार मोत्यांच्या माळा, गार भांडी, ओले हात लावत राहायचं. घामाची महती गाणारा हा अध्याय घामाला चांगलाच भिऊन आहे.

कोल्हापूरनं ही भीती फारशी मनावर घेतलेली नाही. अग्नीशिवाय घाम काढायचे दहा उपाय चरक सांगतो: व्यायाम, उबदार घर, जाड पांघरूण, भूक, भरपूर पिणं, भीती, राग, पोटीस, लढाई आणि ऊन. ही यादी घेऊन जुन्या तालमीत जाऊन उभं राहावं. बुटकं दार, जाड भिंती, मोजके झरोके, वाऱ्याची झुळूक आत येऊ नये असा सगळा बेत. खाली तांबडी माती, तेल-ताक-हळद-लिंबू घालून मळलेली. व्यायाम, लढाई आणि उबदार घर अशा तीन गोष्टी एका छपराखाली. भीती आणि राग ज्याचे त्यानं घेऊन यायचे. १९०२ साली युरोपात जाऊन आलेल्या शाहू महाराजांनी रोमच्या रिंगणाच्या धर्तीवर १९१२ साली खासबाग मैदान बांधून घेतलं, हे इथं शाळकरी पोरही सांगतं. रोमकडून रिंगण घेतलं, घामाची खोली घ्यायची गरज नव्हती. ती पेठापेठांतून होतीच.

बायकांची घामाची खोली घरातच असे. बाळंतिणीची अंधारी खोली, फटी बुजवलेल्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यात ओवा, वावडिंग, शेपा टाकून धुरी. चरकाच्या तेरा प्रकारांतला एक कर्षूस्वेद: बिछान्याखालच्या खड्ड्यात धूर गेलेले निखारे, वर माणूस झोपलेला. बाजेखालची शेगडी म्हणजे तोच, फक्त खड्ड्याच्या जागी शेगडी आली आणि झरोके गेले. कोंडलेल्या खोलीत निखारा ठेवणं किती धोक्याचं आहे हे आज सांगावं लागत नाही. 'धूर गेलेले' हा शब्द ग्रंथात होता, तो वाटेत कुठंतरी गळून पडला.

दादाच्या पिढीनं तालमीत आणखी एक घाम पाहिला, तो म्हणजे वजन उतरवायचा. गादीवरची कुस्ती वजनगटांची. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेटमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला, म्हणजे सौनाच्याच राजधानीत, बँटमवेटमध्ये ब्राँझपदक घेऊन आले. त्या पदकानं कोल्हापूर-कऱ्हाडच्या पोरांना मातीपलीकडचं जग दाखवलं, आणि त्या जगाच्या दारात वजनकाटा होता. दादा सांगतो, वजन भरायच्या आदल्या रात्री दोन स्वेटर, वर घोंगडं, पोटात अन्नपाणी नाही, आणि धावायचं. चरकाच्या दहांपैकी व्यायाम, जाड पांघरूण आणि भूक असे तीन उपाय एकदम. पण तहानलेल्याला आणि भुकेल्याला घाम काढू नका असंही तोच अध्याय सांगतो. १९९७ सालाच्या अखेरीला अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतरानं मरण पावले. त्यानंतर तिथल्या कॉलेजांच्या कुस्तीत सौना आणि रबरी पोशाखावर बंदी आली. आणि २०१० साली खुद्द फिनलंडमध्ये, हेइनोला गावी, सौनात सर्वांत जास्त वेळ कोण बसतो याच्या जागतिक स्पर्धेत ११० अंशांना अंतिम फेरीतला एक स्पर्धक गेला, दुसरा भाजून रुग्णालयात पोचला. ती स्पर्धा पुन्हा भरली नाही.

हे मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे बांधू नको म्हणतोस?" वहिनींनी त्याआधीच डॉक्टरांची वेळ घेतली होती. डॉक्टरांनी नको म्हटलं नाही, पण अटी घातल्या: दहा मिनिटं, साखर तपासून, पाणी पिऊन, पायांना चटका बसलेला कळत नसेल तर अजिबात नाही, आणि एकट्यानं कधीच नाही. दादानं तळपायांची तपासणी करून घेतली. मग बांधकाम ठरलं, आणि त्याचा आराखडा त्या अटींमधून निघाला.

फिनिश शिरस्ता असा की बसणाऱ्याचे पाय भट्टीच्या दगडांहून वर हवेत. म्हणून त्यांची बाकडी दोन-तीन पायऱ्या उंच. वर ऐंशी-नव्वद अंश असताना खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर निम्म्याच्या आसपास असतात. आम्ही चरकाचं माप घेतलं: एक हात उंच, एक हात रुंद. दादाची खोली आठ फूट व्यासाची आणि सात फूट उंच, म्हणजे सुमारे दहा घनमीटर. दर घनमीटरला साधारण एक किलोवॅट या हिशोबानं विजेची भट्टी आणि तीन फेजचं कनेक्शन. भट्टी मध्यभागी, भोवती लाकडी कठडा. दार बाहेर उघडणारं, कडी-बोल्ट काही नाही, नुसता लाकडी गोळा लावलेला. धक्का दिला की उघडलं पाहिजे. दाराच्या खाली हवा यायला फट, समोरच्या भिंतीत वर हवा जायला झरोका.

लाकूड कोणतं, यावर मिस्त्रींचं माझ्याशी जमलं नाही. मी सागवान म्हणत होतो. ते म्हणाले, साग जड, तापला की धरून ठेवतो, बसणाऱ्याला चटका देतो, आणि त्याचं तेल वास मारतं. शिवण घ्या. हलकं, वेडंवाकडं न होणारं, गाठी कमी. गाठीत ऊब साठते आणि नेमकी तिथंच कातडी भाजते. खिळे-स्क्रू सगळे खालून. वरून धातूचं एक टोक दिसता कामा नये. यातला सगळा शहाणपणा फिनिश पुस्तकांतही आहे, फक्त तिथं शिवणीऐवजी अस्पेन.

गोल बाकड्यात खरी अडचण बैठकीची असते. पट्टी तिच्या जाडीच्या बाजूनं वाकते, रुंदीच्या बाजूनं नाही. त्यामुळे बैठकीच्या पट्ट्या लांबीनं गोल फिरवणं सोडून मिस्त्रींनी त्या आडव्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या बसवल्या: मागं रुंद, पुढं निमुळत्या, मध्ये बोटभर फट. पाठीच्या पट्ट्या पातळ, त्या भिंतीनं आपोआप वळल्या. राहिली पुढची कड. अडीच फूट त्रिज्येचा गोल, अखंड हवा, कारण हात तिच्यावरून सरकणार. ती वाफेवर वाकवायची ठरली. अर्धा इंच जाडीच्या पट्ट्या, एकावर एक दोन, डिंकाशिवाय, लाकडी खुंट्या मारून. उष्णतेत डिंकाचा भरवसा नाही. माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवला, त्याच्या तोंडातून वाफ पत्र्याच्या लांब पेटीत नेली. इंच जाडीला तास, म्हणजे अर्ध्या इंचाला अर्धा तास, हे मी वाचून सांगितलं. मिस्त्रींचे वडील बैलगाड्यांची चाकं करायचे. ते म्हणाले, "घड्याळ ऱ्हाऊ द्या. लाकडाला घाम फुटला का न्हाई ते बघायचं. घाम फुटल्याबिगार ते वाकत न्हाई."

पहिली पट्टी बाहेरच्या अंगाला चिरली. दुसरीला त्यांनी बाहेरून पत्र्याची पट्टी बांधली, थोनेटचं नावही न ऐकता. पेटीतून काढल्यावर हातात मिनिटभर वेळ असतो. तेवढ्यात तिघांनी धरून ती साच्यावर बसवली आणि शिकंजे आवळले. दोन दिवस तशीच ठेवली. सोडल्यावर थोडी उलगडली, मिस्त्रींनी साचा आधीच थोडा जास्त वळवून ठेवला होता, त्यामुळे मापात आली. दादा गुडघे धरून शेजारी बसून बघत होता. "आम्हाला वस्ताद असंच वाकवायचा," म्हणाला.

शेवटी कड दाराच्या चौकटीपर्यंत न्यायची वेळ आली. बाकडं दाराच्या उजवीकडे चौकटीला भिडलेलं होतं, डावीकडे मात्र दोन फूट अलीकडे संपत होतं, कारण तिथं पाण्याची बादली ठेवायची होती. कड उजवीकडून चौकटीला भिडवून काम झालं असं मी धरलं होतं. एवढी लांब कड कशाला, बसायला तर लागत नाही, असं मिस्त्रींनी विचारलं तेव्हा त्यांना जेंताकाचं वर्णन सांगितलं: घेरी, कट्टा, दार. त्यांनी हातातली रंधा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग डावीकडच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, "मग ह्या अंगाला का सोडलंय? माणूस कुठल्या कुशीवर पडंल सांगता येतंय व्हय?"

बादली बाहेर गेली. राहिलेल्या पट्ट्यांतली एक त्यांनी पुन्हा वाफेच्या पेटीत घातली.